मालवणचा समुद्र आणि आमची दोन फुटांची पेटी

आमच्या घरांत आजवर मासळी कधीं आली नव्हती. ती यावी, आणि तीही दिवाणखान्यांतल्या शिसवी कपाटावर, असा प्रस्ताव माझ्या पुतण्यानें, बाळनें, गेल्या वर्षीं दिवाळीच्या फराळाच्या वेळीं मांडला. सासूबाईंच्या हातांतली चकली तशीच राहिली. "शिजवायचे नाहींत ना रे?" एवढेंच त्यांनीं विचारलें, आणि नाहीं म्हटल्यावर, "मग असूं देत बापडे," म्हणून त्या पुन्हां फराळाकडे वळल्या. खरा विरोध झाला तो माझ्या मोठ्या दिरांचा. दादांचा आक्षेप माशांना नव्हता, खर्चाला होता. बाळनें एका मित्राच्या घरीं खाऱ्या पाण्याची पेटी पाहिली होती. तींत जिवंत प्रवाळें होतीं, निळे दिवे होते, पाणी थंड राखणारें यंत्र होतें. आणि तिला लागलेला पैसा ऐकून वहिनींनीं कपाळाला हात लावला होता.

अखेर तह झाला तो असा, कीं बारा हजार रुपये मिळतील, त्यापलीकडे एक पै नाहीं. आणि सारा कारभार माझ्याकडे राहील. लग्नापूर्वीं मीं प्राणिशास्त्राची पदवी घेतली होती. झुरळाचें लॅटिन नांव ठाऊक असणें यापलीकडे तिचा या घरांत कांहीं उपयोग झालेला नव्हता. मीं एकच अट घातली. ज्याची नक्कल करावयाची तें मूळ आधीं डोळ्यांनीं पाहावें, मग कांच विकत घ्यावी. जानेवारींत कोंकणांत कुलदेवतेस जाणें होतेंच. तेथून परत न फिरतां आम्ही दक्षिणेचा रस्ता धरला आणि तिसऱ्या प्रहरीं मालवणास उतरलों. सासूबाई, दादा, वहिनी, बाळ आणि मी, अशी पांच माणसें.

जांभ्या दगडाचे गडगे, तांबडी माती आणि मोहोरानें जड झालेले आंबे पाहत पाहत गाडी उतरणीला लागते, आणि मग एकाएकीं समुद्र दिसतो. पण मालवणचें वैशिष्ट्य असें, कीं समुद्राआधीं नजर जाते ती त्यांतल्या तटावर. कुरटें बेटावर शिवछत्रपतींनीं १६६४ च्या नोव्हेंबरांत सिंधुदुर्गाचा पाया घातला. धक्क्यावरून होडीनें गेलें तर वाट फार तर पाव तासाची. पावसाळ्यांत हा मार्ग बंद असतो; त्यामुळें ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं दिवाळीनंतर जावें. तटाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे, तें मी पुन्हां करीत नाहीं. मला जें विलक्षण वाटलें तें आंत होतें. चोहोंकडे खारा समुद्र, आणि मधोमध दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! पावसाचें पाणी बेटाच्या खडकांत मुरतें आणि हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्याच्या वर तरंगून राहतें. सासूबाईंनीं ओंजळभर पाणी तोंडाला लावलें आणि म्हणाल्या, "अगो, हें तर आपल्या विहिरीसारखें!" त्यावेळीं मला कल्पना नव्हती, कीं या गोड्या-खाऱ्याच्या हिशेबाशीं आम्हांला पुढें रोजचा संबंध यावयाचा आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओहोटी साधून आम्ही पाण्यांत उतरलों. आमचा नावाडी पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा गृहस्थ होता. त्यानें किल्ल्याच्या आडोशाला, जेथें पाणी पुरुषभर होतें, तेथें होडी उभी केली. पण लोखंडी नांगर टाकला नाहीं, एका खुंटाला दोर बांधला. आमच्या पलीकडे दुसऱ्या एका होडीनें मात्र खुशाल नांगर टाकला होता. बाळ आणि मी डोळ्यांवर कांच व तोंडांत नळी धरून पाण्यावर उताणें नव्हे, पालथें पडलों. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं हें करणें अशोभनीय दिसतें, हें मला मान्य आहे. होडींतून वहिनींच्या हंसण्याचा आवाज पाण्याखालींही येत होता.

चित्रपटांत दिसतात तशीं आरशासारखीं पाणी आणि रंगांची दिवाळी मालवणास शोधूं नये. येथें नद्यांचा गाळ येतो, पाणी जरा धुरकट असतें; आणि प्रवाळांची सलग भिंत नसून खडकांवर ठिकठिकाणीं त्यांच्या वसाहती आहेत. पहिलीं पांच मिनिटें मला कांहींच दिसलें नाहीं. मग डोळा सरावला. तपकिरी धोंडा म्हणून ज्याकडे मी दुर्लक्ष केलें होतें, त्यावर मधाच्या पोळ्यासारखीं घरटीं दिसूं लागलीं. शेजारीं टोपलीएवढा एक गुळगुळीत, पिवळसर गोळा होता. पोरायटीस नांवाची ही जात वर्षाकाठीं साधारण एक सेंटिमीटर वाढते. टोपलीएवढा गोळा म्हणजे बाळच्या वयाच्या दुपटीचा तो असला पाहिजे.

प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराचे, तोंडाभोंवतीं चिमुकले बाहू असलेले हे प्राणी दाटीवाटीनें एकत्र राहतात आणि पाण्यांतला चुना शोषून आपल्या बुडाखालीं घर बांधतात. त्यांच्या अंगांत एकपेशीय शेवाळ वस्तीला असतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि त्यांतला मोठा वाटा यजमानाला देतें. पाणी नेहमींच्या उन्हाळ्याहून एखाद्या अंशानें अधिक तापलें आणि तसेंच कांहीं आठवडे राहिलें, तर हा शेजार मोडतो; शेवाळ बाहेर पडतें, प्रवाळ पांढरें फटक होतें आणि लवकर पाणी निवलें नाहीं तर उपासानें मरतें. जगभर असें १९९८ सालीं झालें, २०१० सालीं झालें, २०१४ ते २०१७ पर्यंत होत राहिलें आणि २०२३ पासून पुन्हां झालें. (आंगठींत घालतात तें लाल पोवळें निराळें, तें मुख्यतः भूमध्य समुद्रांतलें, आणि त्याच्या अंगांत हें शेवाळ नसतें. सासूबाईंच्या बोटांत तें आहे, म्हणून हा खुलासा मला त्याच होडींत करावा लागला.)

बाळनें हात पुढें केलेला नावाड्यानें वरून पाहिला. "तेका हात लावू नको रे," तो म्हणाला, "जितां आसा तां." त्यापलीकडे तो कांहीं बोलला नाहीं.

आतां जें सांगावयाचें तें सांगतांना मला संकोच वाटतो. मुक्कामीं परतल्यावर बाळनें टॉवेलाच्या घडींतून लिंबाएवढा एक तुकडा काढला. तो त्यानें तोडला नव्हता. त्या दुसऱ्या होडीच्या नांगरानें तुटून वाळूंत पडलेला त्यानें उचलला होता. "नाहींतरी मरणारच होता, काकू," तो म्हणाला, "आपण वाचवूं." मीं त्याला तत्काळ परत पाठवावयास हवें होतें. मीं तसें केलें नाहीं. न्हाणीघरांतली बादली आम्हीं समुद्राच्या पाण्यानें भरून आणली आणि तुकडा तींत ठेवला. रात्रीं दहाच्या सुमारास विजेरीच्या अंधुक प्रकाशांत पाहिलें, तर त्या घरट्यांतून शेंकडों बाहू बाहेर आले होते. तिळाच्या फुलांसारखे, पारदर्शक. वहिनी आल्या, दादा आले. दादा बराच वेळ उकिडवे बसून होते. कोणीच कांहीं बोललें नाहीं, आणि मला वाटतें त्या क्षणीं आम्हीं पांचही जणांनीं मनांतल्या मनांत तो तुकडा पुण्याच्या कपाटावर नेऊन ठेवला होता.

तिसऱ्या दिवशीं पहाटे न्हाणीघराचें दार उघडलें तों दुर्गंधी आली. बादलींतलें पाणी पेजेसारखें झालें होतें. तुकड्यावरचें मांस बुळबुळीत होऊन सुटत होतें आणि खालून पांढरा चुना दिसत होता. कारण अगदीं साधें होतें. पाणी थोडें, तें हललेलें नाहीं, त्यांत हवा मिसळलेली नाहीं. आणि त्या जिवानें टाकलेला मळ त्याच्याच भोंवतीं सांचत गेलेला. ज्या बाईनें पदवी घेतली आहे तिला हें सांगावें लागूं नये.

आम्ही तो तुकडा घेऊन धक्क्यावर गेलों. नावाड्यानें हातांत घेऊन वास घेतला आणि म्हणाला, "आतां काय उपेग, बाये." मग होडी सुटल्यावर त्यानें तो पाण्यांत सोडून दिला. बाळ त्या दिवशीं जेवला नाहीं.

यांत आमची दुसरीही चूक होती, ती कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत दगडी प्रवाळें, काळीं प्रवाळें आणि समुद्रपंखे २००१ पासून समाविष्ट आहेत. त्याच परिशिष्टांत वाघ आहे! जिवंत काय, मेलेला तुकडा किनाऱ्यावरून उचलून शोभेसाठीं घरीं आणणें हाही गुन्हा होतो. शिवाय मालवणचा हा समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. तें जाहीर झालें तेव्हां तेथल्या मच्छीमारांनीं विरोध केला होता, आणि पोटाचा प्रश्न असलेल्या माणसांचा तो विरोध मला समजूं शकतो. पण ज्याच्या पोटाचा कांहींच प्रश्न नाहीं त्यानें कपाटावर ठेवण्यासाठीं प्रवाळ उचलावें, याचें समर्थन मला करतां येत नाहीं.

पुण्यास परतल्यावर आठवडाभर पेटीचा विषय निघाला नाहीं. शेवटीं दादांनींच विचारलें, "त्या बारा हजारांचें काय करायचें?" बाळनें खालीं पाहून सांगितलें, कीं प्रवाळ नको, नुसता समुद्र करूं. आणि गंमत पाहा, प्रवाळ वगळतांच खर्चाचा सर्वांत मोठा आंकडा गळून पडला. त्या निळ्या प्रखर दिव्यांची गरज प्रवाळांतल्या शेवाळाला असते. पाण्यांतला चुना रोज मोजणें, तो भरून काढणें, तापमान अर्ध्या अंशाचाही फरक न पडतां राखणें, हे सारे सोपस्कार त्याच्याचसाठीं. आम्हांला साधा पांढरा दिवा पुरला. पेटी दोन फूट लांब, फूट रुंद आणि फूट उंच, १,४०० रुपयांना. पाणी खेळवणारा छोटा पंप ७०० ला. समुद्राची रचना यावी म्हणून घातलेले दगड कारखान्यांत भाजलेल्या मातीचे, सच्छिद्र. एका गोष्टींत मात्र मीं काटकसर केली नाहीं, ती म्हणजे पाण्याची घनता मोजण्याचें उपकरण आणि अमोनिया तपासण्याच्या कुप्या. पेटी दिसते, पाणी दिसत नाहीं. आणि मरण येतें तें पाण्यांतून.

पेटींत पंचेचाळीस लिटर पाणी मावतें. घरच्या मिठानें समुद्र होत नाहीं. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार ठराविक प्रमाणांत असावे लागतात. म्हणून समुद्री मिठाचें तयार मिश्रण आणलें आणि क्षार काढून टाकलेल्या पाण्यांत लिटरला सुमारें ३६ ग्रॅम या मानानें कालवलें. पहिल्या रात्रीं पाणी दुधाळ होतें, दुसऱ्या दिवशीं निवळलें, आणि बाळ म्हणाला, "आतां मासे?" मीं त्याला बादलीची आठवण दिली नाहीं, त्याची त्यालाच झाली.

नव्या पाण्यांत मासा सोडला तर त्याच्या मळांतून निघणारा अमोनिया त्यालाच मारतो. तो अमोनिया खाणारे सूक्ष्म जीव आधीं दगडांत रुजवावे लागतात. एक जात त्याचें नायट्राइट करते, तेंही विषारीच. दुसरी जात त्या नायट्राइटचें नायट्रेट करते, आणि तें थोडें असेल तर बाधत नाहीं. पण या जीवांना रुजेपर्यंत खायला काय घालावयाचें? पुस्तकांत कच्ची कोळंबी पाण्यांत कुजत ठेवावी असें लिहिलेलें आढळतें. ही सूचना मीं स्वयंपाकघरांत मोठ्यानें वाचली नाहीं. मग आठवलें, कीं नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड! लहानपणीं अंगणांत कल्हईवाला बसला, कीं तापल्या भांड्यावर नवसागराचा पांढरा धूर उठत असे, त्याचा वास अजून माझ्या नाकांत आहे. कल्हईचा नवसागर शुद्ध नसतो, म्हणून प्रयोगशाळेचीं द्रव्यें विकणाऱ्या दुकानांतून शुद्ध आणला. एका वेळीं पाव ग्रॅमहून किंचित अधिक पुरतो. चिमटींत धरला तर जास्तच होईल, इतका थोडा. आणि विरजण म्हणून ओळखीच्या एका गृहस्थांच्या जुन्या पेटींतली वाटीभर ओली वाळू मागून आणली. सासूबाईंना बाकी कांहीं कळलें नाहीं तरी विरजण बरोबर कळलें. "थंडी आहे, वेळ लागेल," त्या म्हणाल्या; आणि तसेंच झालें. तिसऱ्या आठवड्यांत अमोनिया नाहींसा झाला, नायट्राइट जायला सहा आठवडे लागले. या काळांत घरीं येणारा प्रत्येक पाहुणा रिकाम्या पेटीकडे पाहून विचारी, "मासे मेले वाटतें?"

या सहा आठवड्यांत मीं पेटीच्या इतिहासाचें वाचन केलें, त्यांतली एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. खाऱ्या पाण्याची पहिली टिकाऊ पेटी कोणा शास्त्रज्ञानें नव्हे, एका गृहिणीनें केली. लंडनच्या ॲना थिन या बाईंनीं १८४६ सालीं टॉर्की येथील समुद्रकांठावरून कांहीं प्रवाळें घरीं आणलीं. इंग्लंडच्या थंड पाण्यांत पेल्याच्या आकाराचीं, एकएकटीं राहणारीं अशीं जात आहे. प्रवासांत हेलकावे बसूं नयेत म्हणून त्यांनीं तीं सुईदोऱ्यानें एका मोठ्या स्पंजाला टांचलीं होतीं. समुद्राचें पाणी सारखें मिळेना, तेव्हां आहे त्याच पाण्यांत हवा मिसळण्यासाठीं उघड्या खिडकीशीं उभें राहून तें एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतण्याचा क्रम त्यांनीं रोज अर्धापाऊण तास चालविला. हें काम त्यांची मोलकरीण करी. पुढच्या वर्षीं त्यांनीं समुद्रवनस्पती घातल्या आणि श्रम कमी झाले. ज्या पेट्यांमुळें सर्वत्र हें वेड पसरलें तें फिलिप गॉस यांचें पुस्तक १८५४ चें, म्हणजे त्यानंतरचें. त्या मोलकरणीचें नांव मला कोठें आढळलें नाहीं. न्हाणीघरांत त्या रात्रीं आमच्यापैकीं एकानें दोन लोटे घेऊन पाणी खालवर केलें असतें तरी तो तुकडा आणखी कांहीं काळ जगला असता.

मार्चअखेर पहिलीं बिऱ्हाडें आलीं, तीं चार संन्यासी खेकड्यांचीं आणि तीन गोगलगायींचीं. रिकाम्या शंखांत घर करणाऱ्या या खेकड्याला संन्यासी कां म्हणतात कळत नाहीं. घरासाठीं इतका भांडणारा प्राणी मीं दुसरा पाहिला नाहीं. त्याचें अंग वाढतें, शंख वाढत नाहीं, म्हणून मोठे रिकामे शंख पेटींत ठेवावे लागतात. सासूबाईंनीं आपल्या खेळांतल्या जुन्या कवड्या उदारपणें पुढें केल्या. खेकड्यांनीं त्या तपासल्या आणि नाकारल्या. कवडीची फट त्यांना पुरत नाहीं.

एप्रिलांत खरी परीक्षा आली. दिवाणखान्यांत पारा छत्तिसावर, पाणी एकतीस अंशांवर. थंड करणारें यंत्र आमच्या बारा हजारांत बसणारें नव्हतें. दादांनीं टेबलावरचा लहान पंखा आणला आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडला. माठाचें जें तत्त्व, तेंच. दोन दिवसांत पाणी अठ्ठावीसवर आलें. पण वाऱ्यानें उडतें तें गोडें पाणी. मीठ मागेंच राहतें, आणि पेटी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. म्हणून तूट भरून काढावयाची ती खाऱ्या पाण्यानें नव्हे, गोड्यानें. उन्हाळ्यांत रोज लिटरभर लागे. सासूबाईंनीं पाण्याच्या पातळीची खूण म्हणून कांचेवर आपल्या डबींतली एक टिकली लावली आणि सायंकाळीं दिवा लावल्यावर तांब्यानें पाणी घालण्याचें काम आपल्याकडे घेतलें. त्या तांब्याला त्या "साखरबाव" म्हणतात. आठवड्याला पांच लिटर पाणी बदलण्याचें काम बाळचें.

मासे आले ते जूनमध्यें, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे. दुकानदाराला आम्हीं आधीं विचारलें, कीं हे समुद्रांतून धरलेले कीं टाकींत जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें या माशांची पैदास टाक्यांत करण्याची रीत आपल्या देशांत केव्हांच बसविली आहे, तेव्हां समुद्रांतून धरलेला मासा घेण्याचें कारण नाहीं. या जातीचा घरोबा आमच्या घरीं फार आवडीनें ऐकला गेला. सर्व पिलें प्रथम नर असतात. समूहांत जो सर्वांत मोठा तो मादी होतो आणि तिच्या हुकमांत बाकीचे वागतात. ती गेली, कीं तिच्या खालचा नर मादी होऊन कारभार हातीं घेतो. सासूबाईंनीं हें ऐकून वहिनींकडे पाहिलें, वहिनींनीं माझ्याकडे.

हिशेब ११,६४० रुपयांवर थांबला. उरलेले ३६० दादांनीं परत घेतले नाहींत. डब्यांत ठेवून त्यावर "मालवण" असें लिहिलें आहे. बाळचा मित्र अधूनमधून येतो आणि पेटीच्या मधोमध, जेथें दिव्याचा उजेड सरळ पडतो, तेथें राखलेली मोकळी जागा पाहून विचारतो, कीं येथें कांहीं ठेवायचें राहिलें आहे काय. बाळ त्याला नाहीं म्हणतो. हें लिहीत असतां बाहेरून सासूबाईंची हांक आली, कीं पाणी टिकलीच्या बोटभर खालीं गेलें आहे आणि साखरबाव कोणी उचलून नेली.